फॉर्मच्या प्रकरणातली चिठ्ठी

प्रिय सर,

तुमच्या हयातीत 'प्रिय' लिहायची माझी छाती झाली नसती. तुम्ही गेलात त्याला दोन वर्षं झाली. आज लिहिते आहे, कारण साडेतीन वाजलेत, पाचला अर्ज बंद होणार आहेत आणि सायवन गावाहून फोन येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही.

तलासरीच्या एका मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट मी केली आहे. प्रवेशअर्जाचं पान फार देखणं झालं होतं, सर. माझ्या लॅपटॉपवर धावतही होतं. कागदी अर्ज यंदा बंद केले, तेही माझ्याच सांगण्यावरून.

दोन वाजता सायवनहून फोन आला, प्रवेशासाठी अर्ज भरणाऱ्या जयवंतीच्या मावशीचा. "मॅडम, सकाळपासून बटन दाबून बोट दुखलं. कायच होत नाय. पोरीचं नाव नाय लागलं तर बाप तिला वीटभट्टीवर नेल. मग कसली दहावी?"

घोळ माझाच होता. ते बटण म्हणजे नुसता रंगीत चौकोन. स्क्रिप्टची फाइल, म्हणजे बटणाला कामाला लावणारा कोड, फोनवर उतरली तरच त्यात जीव यायचा, आणि सायवनच्या रेंजला ती उतरतच नव्हती.

तेव्हा तुमची यादी आठवली. डहाणू रोडला स्टेशनजवळच्या तुमच्या कॉम्प्युटर क्लासात, चिकूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलेली तीन पुस्तकं. पहिलं एचटीएमएलचं, म्हणजे पानाच्या सांगाड्याचं; दुसरं सीएसएसचं, सजावटीचं; तिसरं जावास्क्रिप्टचं, पानाला हलतंबोलतं करण्याचं. "क्रम मोडायचा नाही. आधी पान स्वतःच्या पायावर उभं राहू दे, मग त्याला नटव." पहिलं पुस्तक तुम्ही स्वतःचंच दिलंत. जाडजूड, एक चित्र नाही. मी चार पानं वाचली, कंटाळले आणि थेट तिसऱ्यावर उडी मारली. महिन्याने परत करताना बेधडक म्हणाले, "वाचलं सर, सगळं."

तुम्ही ते मध्येच कुठेतरी उघडलंत, मिटलंत. "राहू दे तुझ्याकडेच. लागेल." मला वाटलं, सुटले.

आज ते कपाटातून काढलं. फॉर्मच्या प्रकरणात तुमच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली. 'इथपर्यंत आलीस की मला सांग. पुढचं दोघं मिळून करू.' म्हणजे त्या दिवशी तुम्ही हीच चिठ्ठी जागच्या जागी पाहिलीत ना? मग रागावला का नाहीत? एक शब्द बोलला असतात तर... पण खरं सांगू? मी आणखी एक थाप मारली असती.

ते प्रकरण वाचत वाचतच पान पुन्हा लिहिलं. साधा फॉर्म, आपलं आपण चालणारं साधं बटण, स्क्रिप्ट काढून टाकली. दिसायला अगदी सरकारी. सव्वातीनला साइटवर चढवलं, मावशीला कळवलं. तेव्हापासून फोन समोर ठेवून बसले आहे.

चार वाजले. मी लावला तर तिचा फोन लागत नाही. रेंज गेली असेल का? की हेही पान तिथे अडलं?

चार पस्तीस. आला फोन. "मॅडम, अर्जाचा नंबर आला. पोर रडते इथं." मीही रडले, सर. तुमच्यापासून काय लपवू?

आता तुमचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचणार आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना यादी त्याच क्रमाने देईन. कुणी "वाचलं" म्हणाली तर पुस्तक उघडून चिठ्ठी बघेन, आणि तुमच्यासारखी गप्प बसणार नाही.

इथपर्यंत आले आहे, सर. तुम्ही सांगायला सांगितलं होतंत.

तुमची थापाडी विद्यार्थिनी,
नयना