बुधवारची सूज

कुंडल,
रविवार

प्रिय अपेक्षा,

फोनवर तुझ्याशी बोलायला घेतलं की मी जेवलीस का, गोळी घेतलीस का एवढं विचारतो आणि फोन आईकडे देतो. तुझ्या लक्षात आलंच असेल. म्हणून हे पत्र. माझं अक्षर म्हणजे शाईत बुडालेली मुंगी कागदावर फिरल्यासारखं, तरी सांगलीत आत्याकडे आहेस म्हणून तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. तुझं तूच लाव.

इकडं म्हैस व्याली, रेडी झाली. तालमीत परवा प्रांजल विचारत होती, अपेक्षाचे कुस्तीचे बूट मी वापरू का. मी नाही म्हणालो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत तोवर कुस्ती नाही, आणि त्या बहुतेक कायमच्या, हे डॉक्टरांनी सांगितलंय. तरी बूट पुसून परत कोनाड्यात ठेवले. ते दुसऱ्या कुणाला देणं, एवढं एक माझ्याकडून झालं नाही.

डॉक्टरांनी काढून दिलेलं चित्र मी खिशातच ठेवतो. खालच्या अंगाचं रक्त पोटातून काळजाकडे नेणारी मोठी शीर तुला जन्मापासूनच नाही. कालवाच खोदलेला नाही, पाणी आपलं बारक्या पाटांनी वर चढत होतं. पंधरा वर्षं भागलं. मग अंग वाढलं, मेहनत वाढली आणि मांडीत रक्ताची गाठ धरली. चौकात कुणी भेटलं की मी कागद उघडून हे सगळं सांगतो. आपले आप्पासो म्हणाले, “आवं धनाजीराव, द्येवानंच शीर दिली न्हाई, तर तुमी काय करणार?” खरं सांगू, तेवढं ऐकायलाच मी चौकात थांबतो. पण घरी येईपर्यंत त्याचा असर उतरतो.

कारण शीर देवानं दिली नसेल, पण बुधवार माझा होता. त्या दिवशी तालमीतून येताना तू म्हणालीस, “अण्णा, डावा पाय लय जड झालाय, कंबर पण दुखतीया.” रविवारी जत्रेचं कुस्तीचं मैदान होतं. पोस्टरवर पहिल्यांदाच तुझा फोटो आला होता, आणि खाली ‘पैलवान धनाजी यांची कन्या’. ते पोस्टर मी दिवसातून चार वेळा बघून येत होतो. माझ्या वडिलांनी माझं एकूण एक दुखणं चोळूनच काढलं. मीही तिळाचं तेल गरम केलं, तुला बाजेवर बसवलं आणि पोटरीपासून मांडीपर्यंत अंगठे रोवून पाय रगडला. तू दात आवळून बसलीस. मला त्याचं कौतुक वाटलं. गुरुवारी परत चोळला, वर शंभर बैठका मारायला लावल्या, रक्त मोकळं होईल म्हणून. शुक्रवारी पाय निळसर दिसायला लागला, तरी मी मुका मार म्हणालो. आणि बुधवारीच बजावलं होतं, “आईला सांगू नगंस. ती दवाखान्यात न्हील आन मैदान जाईल.” मे महिन्याच्या उन्हात तू तीन दिवस आईसमोर ढगळ पँट घालून वावरलीस.

शनिवारी सकाळी तू उंबऱ्यातच बसलीस. श्वास पुरेना. सांगलीत गेल्यावर कळलं की गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, सूज कधीपासून? कुणी पाय चोळला का? मी म्हणालो, कालपासूनच, आणि चोळला नाही. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना तू माझ्याकडे बघितलंस. मग डॉक्टरांकडे बघून होय म्हणून मान हलवलीस. पोरी, श्वास घेता येत नव्हता तुला, आणि त्यातही तू बापाची अब्रू राखलीस. आजवर मी एवढा कधी लाजलो नाही.

तरीही महिनाभर गप्पच राहिलो. काल आई फोनवर तुला रागावत होती, अंगावर का काढलंस, एका शब्दानं का सांगितलं नाहीस म्हणून. तू म्हणालीस, मला कळलंच नाही. मी शेजारीच भाकरी मोडत बसलो होतो. ताट बाजूला सारलं आणि तिला सगळं सांगितलं. तिनं तेलाची बाटली आणून माझ्या पुढ्यात ठेवली आणि परड्यात निघून गेली. अजून बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

आता तू काही झाकायचं नाहीस, हे सांगायला हा कागद. तू वेळेवर सांगितलं होतंस. शुक्रवारी तपासणीला मी येतोय. बुधवारपासून सूज होती, मी दोन दिवस पाय चोळला, हे तुझ्यासमोर डॉक्टरांना सांगणार आहे. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. डॉक्टरांकडे बघ, आणि या खेपेला खरं आहे म्हणून मान हलव.

तुझाच,
अण्णा