वाऱ्याच्या उलट लावलेला राब

बाबा,

आज कंपनीत एक फॉर्म भरायचा होता आणि त्यातल्या एका रकान्यापाशी मी तासभर अडून बसले. 'ही कल्पना कशी सुचली?' एवढंच विचारलं होतं. उत्तर मला ठाऊक होतं, म्हणूनच राग आला. अठरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर तो काढायचा कसा, म्हणून हे लिहितेय.

धसईकडचं आपलं शेत, वैशाखातली सकाळ. भाताचं बी पेरायच्या तुकड्यावर आई आणि मी शेण, पालापाचोळा, गवत, माती असे राबाचे थर लावतोय. चार दिवस टोपल्या वाहून माझी मान आखडलीय. राब भाजायची वेळ येते तेव्हा तुम्ही पेटती चूड दादाच्या हातात देता. तो वाऱ्याच्या बाजूने लावायला जातो आणि तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घालता. "तिकडनं नाय रे! वाऱ्याच्या उलट लाव. आग पळाली तं वरच्या वर जाईल. ऊब खाली उतराय पायजे." मी विचारते, ऊब खाली कशी उतरते? तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "तुला काय करायचाय गो? तुला काय आपला राब भाजायचा नाय. टोपली उचल."

उचलली. दहावीनंतर मात्र तुमचं ऐकलं नाही, आटगावला मामाकडे राहून शिकले. तुम्ही एकदाही आला नाहीत. म्हशाच्या जत्रेत समोरासमोर आलो, तेव्हा बैलवाल्याला माझी ओळख करून दिलीत, "ही आमची गेलेली." तो हसला, तुम्हीही हसलात. मला ते अजून गिळता आलेलं नाही.

आता मी कॉम्प्युटर थंड ठेवायचं काम करते. आतली चिप तापते. तिची उष्णता वरच्या धातूपर्यंत न्यायला मध्ये कार्बनचा पातळ थर लागतो, केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्यांचा. आमचा थर वर्षभर फसत होता. नळ्या आडव्या पडायच्या, उष्णता त्यांच्याबरोबर कडेला पळायची, चिप तापलेलीच. सगळे आणखी महागडा कार्बन मागवायच्या गोष्टी करत होते, आणि मला तिथे चुकीच्या बाजूने लावलेला राब दिसला. मी थराची गुंडाळी केली आणि अळूवडीसारखे काप पाडले. कापांत नळ्या उभ्या राहिल्या, उष्णतेला सरळ वाट मिळाली. चिप थंड राहिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ज्याच्या हातात चूड दिलीत त्याने शेत विकलं, बाबा. तिथे आता कुणाचं तरी फार्महाऊस आहे. वाऱ्याची बाजू दादाला विचारली तर आठवणार नाही. माझ्या मात्र ती डोक्यात बसलीय, तुम्ही न देता. तुम्ही मला दिलेलं काहीच नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले आणि आता तेही धड खरं राहिलं नाही. याचाच जास्त संताप येतो.

शेवटी रकान्यात मी 'वाचनातून' असं लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला. कुठलं पुस्तक, हे कुणी विचारणार नाही. हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. आधी मी तिथे 'वडील' लिहिलं होतं. तो शब्द खोडताना फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं दुपारच्या डब्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही.