कंटेनरवर उधळलेला भंडारा

आबा,

तुम्हाला लिहायला बसले आहे ते रागानं नाही, आणि आठवण आली म्हणूनही नाही. परवा कडेगावच्या बाजूला एका द्राक्षाच्या शेडमध्ये माझ्या अंगठ्याला पिवळं लागलं, आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे. जेवताना, एस.टी.त, अंघोळ करताना. बोलणं काही संपत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लिवायचं कशाला, त्वांडानं सांग की." तोंडानं सांगितलं होतं, आबा. भर बैठकीत सांगितलं होतं.

पहिली अक्षरं मला शाळेनं नाही, तुम्ही शिकवलीत. दिवाळी झाली की आटपाडीकडचा आपला माळ सोडून आपण मेंढ्या घेऊन कृष्णेच्या बाजूला उतरायचो. शाळा मागे राहायची. दुपारी मेंढ्या सावलीला बसल्या की तुम्ही काठीच्या टोकानं धुळीत अक्षर काढायचात आणि मला त्याच्याखाली काढायला लावायचात. तुम्ही स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, पण माझं अक्षर वाकडं आलं की तीच काठी माझ्या बोटांवर बसायची. "परत काड." मी परत काढायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आवं, लेकरू हाय ते." तुम्ही म्हणायचात, "लेकरू हाय म्हनूनच." अजूनही कार्यालयात सही करताना माझी बोटं आपोआप आत वळतात. शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारतात, हात दुखतो का म्हणून. मी हो म्हणते.

आणखी एक धडा तुम्ही दिलात, तोच आज माझ्या पोटापाण्याचा झाला आहे. परक्या गावाच्या शिवेवर कळप थांबवायचा. आधी माणूस आत पाठवायचा, मग मेंढरं. गावचं कुणीतरी जाणतं माणूस येणार, मेंढ्यांची तोंडं उघडून बघणार, खूर बघणार, लोकर बाजूला करून कातडी बघणार. रोग नसला तर आत घेणार, आणि कुणाच्या रानात किती रात्री बसवायच्या ते सांगणार. पटलं नाही तर परत. का म्हणून विचारायचं नाही; शीव त्यांची. देशसुद्धा असाच वागतो, आबा. कुठला माल आत घ्यायचा, कुठल्या माणसाला किती दिवस राहू द्यायचं, हे ज्याचं तो ठरवतो. कधी कारण सांगतो, कधी सांगत नाही. शहाण्या लोकांनी यावर जाडजाड पुस्तकं लिहिली आहेत. मी ती वाचली, परीक्षेला लिहिली, आणि दर वेळी वाचताना मला शिवेवर उभा राहिलेला आपला कळपच दिसला.

आणि ते कोकरू. माझं पांढऱ्या कपाळाचं कोकरू. त्याच्या कानामागे खरूज उठली होती. मी रोज करंजाचं तेल लावत होते आणि ती वाळत आली होती. आपण एका गावाच्या शिवेवर आलो, आणि तुम्ही ते माझ्या कडेवरून काढून घेतलंत. मला वाटलं, तेल लावायला घेतलं. तुम्ही ते ओढ्याच्या अलीकडे बाभळीला बांधलंत आणि परत आलात. मग मला पुढे घालून गावच्या म्हाताऱ्यासमोर उभं केलंत. लहान पोराचं खरं मानतात, हे तुम्हाला ठाऊक होतं. "सांग, कळपात खरूज हाय का?" मी बाभळीकडे बघितलं. तुम्ही हळूच म्हणालात, "खोटं बोलायचं न्हाई. आदी खरं करायचं, मग बोलायचं." मी म्हणाले, नाही. ते खरंच होतं. कळपात खरूज नव्हती. सकाळी मी ओढ्याकडे गेले तेव्हा बाभळीला नुसतं दावं होतं, तेही कुरतडलेलं. मी रडले तेव्हा तुम्ही मारलं नाहीत. दावं सोडून घेतलंत, गुंडाळलंत आणि म्हणालात, "एका मेंढरापायी कळप माघारी जातो."

पुढे पाईपलाईनचं पाणी आलं, तुम्ही मेंढ्या विकल्यात आणि द्राक्षं लावलीत. त्या वर्षांत रेडिओ रोज एकच सांगत होता: दारं उघडली, बाहेरचा माल आत येणार, आपला बाहेर जाणार. तुम्ही रेडिओ कानाशी धरून म्हणायचात, "आता शीव उघडली." चार बागायतदार जमवलेत, सांगलीचा एक निर्यातदार व्यापारी गाठलात. त्याच्या मुलाला परदेशात जाऊन माल उतरताना बघायचा होता. द्राक्षाला परवानगी मिळाली, त्याला मिळाली नाही. तुम्ही पोट धरून हसलात. "ह्ये ब्येस हाय. मेंढरं आत, मेंढका शिवंवर." तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

दहावीची परीक्षा देऊन मी शेडमध्ये आले तेव्हा तुम्हीच मला घड निवडायच्या टेबलाची मुकादम केलंत. माझ्याएवढं काटेकोर दुसरं कुणी नव्हतं, तुम्हीच केलेलं होतं तसं. बायकांच्या बांगड्या काढायला लावायची, डोक्याला फडकं बांधायला लावायची, साबणानं हात धुवायला लावायची. माझे स्वतःचे हात धुऊन धुऊन चिरले होते. बायका चिडवायच्या. "ही लगीन झाल्यावर नवऱ्यालाबी धुऊन घील." मीही हसायची, पण त्यांचे हात उलटेपालटे करून बघायची. अकरावीला सांगलीला पाठवतो असं तुम्ही कबूल केलं होतं. एवढा माल नीट गेला की पाठवणार होतात.

पहिला कंटेनर भरला तो दिवस मला अजून वासासकट आठवतो. थंडगार खोलीतून पेट्या बाहेर येत आहेत, शेवटची रास दारात आहे, तिच्या पेट्यांवर अजून कागद घालायचा आहे. तुम्ही नवं धोतर नेसून आलात आणि कमरेची पिशवी सोडलीत. वाटेला लागणाऱ्या कळपावर भंडारा उधळल्याशिवाय तुम्ही जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. मी धावले. "आबा, नको. उघड्या पेट्या आहेत." तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. "बिरोबाच्या नावानं चांगभलं." मूठभर हळद वर गेली आणि खाली हिरव्या घडांवर बसली. मी तिथल्या तिथे व्यापाऱ्याच्या मॅनेजरला सांगितलं, ही रास मागे ठेवा. तो म्हणाला, "अगं, हळद आहे, औषध असतं ते. आबांचं मन कशाला मोडतेस? लाव कागद." मी लावला नाही. त्यानंच लावला.

माल तिकडच्या बंदरात उघडला तेव्हा त्यांना पिवळी पूड दिसली. ती काय आहे हे सांगायला आपल्यापैकी तिथे कुणी नव्हतं, आत घेतलंच नव्हतं कुणाला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही आणि आपणही विचारलं नाही. कंटेनरमधला सगळा माल पुरून टाकला.

मग ती बैठक. शेडमध्येच, माझ्याच टेबलाभोवती. चौघे बागायतदार, तुम्ही, मॅनेजर, आणि सांगलीहून आलेला व्यापारी. तो आवाज न चढवता बोलत होता. "बागवाल्याच्या हातून हे झालं असेल तर हा गट मी पुढच्या वर्षी घेत नाही. कामावरच्या कुणाची हयगय असेल तर तेवढं माणूस काढा, आपण पुढे चालू. मला तिकडं एक काहीतरी कळवायचं आहे." मी भिंतीशी उभी आहे. मला वाटतं आहे, आता आबा सांगतील. तुम्ही पटका काढून मांडीवर ठेवता, पुन्हा डोक्यावर घालता.

"टेबलावर ही हुती," तुम्ही म्हणालात. "आदल्या दिशी चुलतभैनीची हळद हुती. हात धुतला नसंल नीट."

मी म्हणाले, "भंडारा आबांनी उधळला. मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं होतं." मॅनेजर खिशातलं पेन काढून बघायला लागला. तुम्ही हसलात, अगदी मायेनं हसलात. "लेकरू घाबारलंय. बापावर ढकालतंय." आणि सगळे हसले, आबा. एवढं नुकसान झालेली ती माणसं तुमच्याबरोबर हसली, कारण त्यांना मोकळं व्हायची वाट सापडली होती.

दुसऱ्या दिवसापासून बायका मला बघितलं की हात पुढे करायच्या. "बघ गं, धुतल्यात का?" एका बागायतदाराच्या बायकोनं पाणवठ्यावर माझी घागर पालथी केली. "हिच्या हाताचं पानीबी नगं." आई तुमच्याशी त्या आठवड्यात बोलली नाही. मग तिनं माझी पिशवी भरली. सांगलीच्या ऐवजी तुम्ही मला साताऱ्याला मामाकडे नेऊन सोडलंत. स्टँडवर उतरल्यावर तुम्ही पुढे आलाच नाहीत. मामाचं घर लांबून दाखवलंत, आणि गावात सगळ्यांना सांगितलंत की पोरीला लाज वाटली म्हणून गेली. आधी खरं करायचं, मग बोलायचं.

तुमचा गट टिकला. पुढच्या वर्षी माल गेला, त्याच्या पुढच्याही. भंडारा तुम्ही त्यानंतर शेडच्या बाहेर, ट्रकच्या चाकावर टाकायला लागलात, असं आईनं सांगितलं. म्हणजे तुम्हाला समजलं होतं.

तुम्ही एकदाच साताऱ्याला आलात. मी कॉलेजातून आले तर मामाच्या अंगणात बसला होतात, घरात गेला नव्हतात. माझ्यासाठी घोंगडं आणलं होतंत, काळं, पांढऱ्या काठाचं. मामीनं दोनदा "आत या की दाजी" म्हटलं. तुम्ही "हितंच बरं हाय" म्हणालात. मला वाटलं, तुम्ही माफी मागायला आला आहात. मी चहा आणला, समोर बसले, वाट बघितली. तुम्ही बशीतला चहा संपवलात, मिशा पुसल्यात.

"राग हाय?"

"आहे."

"असूंदे. चार घरं चालली त्याच्यावर." मग उठता उठता म्हणालात, "तू हुतीस म्हनून भागलं. दुसऱ्याच्या पोरीचं नाव घेता आलं नसतं मला."

हे तुम्ही कौतुक म्हणून बोललात. मी कितीतरी वर्षं ते उलटंसुलटं करून बघितलं, त्या गावच्या म्हाताऱ्यानं मेंढीचं तोंड बघावं तसं. दुसऱ्याच्या पोरीला तुम्ही वाचवलंत, हे खरं आहे. माझं नाव तुम्हाला घेता आलं, हेही खरं आहे. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी आले, रडले नाही. बायका म्हणाल्या, "शिकली की काळीज वाळतं." घोंगडं मी मामाच्याच माळ्यावर ठेवलं आहे.

आता मी तपासणीच्या कामाला आहे. बाहेर जाणाऱ्या द्राक्षाच्या पेट्या उघडायच्या, घड उचलून बघायचे, बुरशी, किडा, माती, काहीही आढळलं तर थांबवायचं. माझ्या माघारी शेडवाले काय म्हणतात ते मला माहीत आहे. बाई कडू आहे म्हणतात. बरोबर आहे.

परवा कडेगावच्या बाजूला गेले होते. कंटेनर दारात लागलेला. एका पेटीचा कागद उचलला, घडाच्या देठापाशी पिवळं होतं. दुसऱ्या पेटीतही होतं, तिसरीतही. मी विचारलं, हे काय आहे. पटका बांधलेला एक म्हातारा पुढे आला, धुतलेला सदरा, कपाळ पिवळं. "आवं बाईसाहेब, देवाचा भंडारा हाय. प्वाटात गेला तर चांगलंच हाय की." मागे टेबलाशी डोक्याला फडकं बांधलेली एक पोरगी उभी होती. तिनं हात पाठीमागे नेले.

शेडचा मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, टेबलावरच्या पोरीचं लक्ष नव्हतं. तिला आजच काढतो. वरच्या पेट्या बदलतो, बाकी माल जाऊ द्या." नियमात बसवता आलं असतं. हळद लागलेल्या पेट्या वेगळ्या काढून उरलेला माल पुन्हा तपासता आला असता. दिवसभर लागला असता, पण माल गेला असता. मला ते सुचलं नाही असं नाही.

मी म्हणाले, "पोरगी कामावर राहील. माल जाणार नाही." सगळा कंटेनर थांबवला.

म्हातारा आधी हसला, त्याला वाटलं बाई थट्टा करते आहे. मग तो खाली बसला. त्याच्या बरोबरचे बागवाले मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही ते ऐकून मान डोलावली असती. म्हातारा एवढंच म्हणाला, "बाई, यवडा राग आमच्यावर का?" मी कारण सांगितलं नाही. शीव माझी होती. पोरगी माझ्याकडे उपकार मानल्यासारखं बघत नव्हती, घाबरून बघत होती. तिथल्या बागवाल्यांच्या घरांना आता वाटेल की तिच्यापायी माल अडला. मी तिला वाचवलं की तिच्या गळ्यात दावं बांधलं, हे मला तिथे उभं राहून कळलं नाही, अजून कळलेलं नाही. कळपाला माघारी घालवलं, एवढंच खरं. तुमच्या कळपाला, असं लिहिणार होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच इतकं सरळ लिहिता आलं. आईलाही दाखवणार नाही.

फक्त एक राहिलं. शेडच्या बाहेर नळ होता, साबणही ठेवलेला होता. मी नळापर्यंत गेले. अंगठ्यावर तो भंडारा तसाच होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं, आणि तो मी कपाळाला लावला. मग हात धुतले.