गौरवीचा नेम नि साहेबांचा रविवार

चि. सौ. जानकीस, पेडण्याहून थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

मुळगावात तुम्ही सगळी बरी आहात आणि तुझा गुडघा आता तुला पायरी चढू देतो, असे मी धरूनच चालते. विचारपूस करत बसले तर मुख्य गोष्ट राहील. तर बाये, गेल्या रविवारी सगळ्यांच्या आधी आले ते साहेब! आमच्या नातीचे, गौरवीचे साहेब, मुरगाव बंदरातले, गोकुळदास. त्यांच्यामागून त्यांची बायको, हातात केळ्यांची फणी. आणि तिच्यामागून एक उंच मुलगा, तो आमच्या चौकटीवर डोके आपटूनच आत आला. मी दारापुढच्या बलकांवात केरसुणी घेऊन उभी. (हे फोनवर सांगितले असते, पण तू ऐकलेले सगळे मोठ्याने परत म्हणतेस आणि मग तुझ्या सुनेला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून पत्र बाबलीच्या हाती देते. बाबली म्हणजे आमच्या शेजारचा पायलट, मोटरसायकलवरून भाडी मारतो तो. त्याला चहा दे, पण बसवून घेऊ नकोस, उठत नाही.)

आता साहेब का आले ते सांगते. गौरवीला बंदुकीचे वेड लागले आहे हे तुला ठाऊक आहे. खरी गोळी नाही, हवेची बंदूक, समोर एवढासा काळा ठिपका असतो त्यावर मारायचे. पण बंदरातली नोकरी म्हणजे आज सकाळची पाळी, उद्या रात्रीची, आणि जहाज लागले की घरचे तोंड दिसत नाही. मग पोर सराव करणार कधी? रात्रपाळी करून पहाटे येते, अंगावरची धूळही न झाडता बंदूक घेऊन भिंतीसमोर उभी राहते. गोळी घालत नाही, नुसता नेम. भिंतीवरचा ठिपका मी काजळाने काढून दिला आहे. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचे नाही असा हुकूम आहे, आणि घरात दुसरे असते कोण? मीच! एकदा तर मी कितीतरी वेळ तोंडावर पदर धरून बसले, म्हटले आज काय नेम धरला आहे पोरीने, पापणीसुद्धा हलत नाही. शेवटी पोदेर दारात भोंगा वाजवत पाव घेऊन आला तेव्हा दचकली. उभ्या उभ्या झोपली होती गे!

तर म्हापशाला राज्याची स्पर्धा लागली, नेमकी रविवारी, आणि रविवारी हिची पाळी. त्यात निवड झाली तरच पुढच्या मोठ्या स्पर्धेला जायला मिळणार. दोन वर्षे हीच स्पर्धा हुकली, दोन्ही वेळा जहाजापायी. साहेबांनी या वेळीही नाही म्हणून मान हलवली. पोरीने जेवणच टाकले. मग मी देवळात जाऊन प्रसाद लावला. भटजींनी देवाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, म्हणाले, "आजी, एकच प्रश्न घाला, उजवी पडली तर हो." पण त्यांना एका बारशाला जायची घाई, मला बसची घाई. मी एकाच दमात म्हटले, देवा, पोरीला रविवारची सुट्टी मिळू दे आणि एखादे चांगले स्थळही येऊ दे. उजवी पाकळी टपकन पडली. देवाने कशाला हो म्हटले ते विचारायला भटजी होते कुठे?

मी घरी आले आणि साहेबांना फोन लावला. म्हटले, रविवारी मुलगी बघायला माणसे येणार आहेत. बंदुकीला न विरघळणारा माणूस लगेच विरघळला, सुट्टी दिली! वर विचारले, माणसे कुठली? माझ्या तोंडून निघाले, डिचोलीची. आता साहेब स्वतः डिचोलीचे हे मला काय ठाऊक? चौकटीवर डोके आपटणारा तो त्यांच्या बहिणीचा मुलगा अमोल, बँकेत आहे, त्याच्यासाठी मुलगी बघत होते. म्हणाले असतील, परके डिचोलीकर बघून जाण्याआधी आपले डिचोलीकर बघून येऊ या. आणि ज्या जहाजासाठी सुट्टी मिळत नव्हती, ते म्हणे अजून समुद्रातच होते.

आल्या आल्या साहेबांनी विचारले, मुलगी कुठे? देवळात गेली आहे, मी म्हटले. ती दुसरी माणसे कुठे? वाटेत आहेत. इतक्यात बाबली नारळ खवायला आदोळी मागायला आला, तर साहेबांनी त्यालाच दुसऱ्या पक्षाचा वडीलधारा समजून असे डोळे वटारले की तो शिऱ्याची बशी घेऊनच परत गेला. मी पुन्हा शिरा केला. साहेबीणबाई भिंतीवरचा काजळाचा ठिपका बघत होत्या. मी म्हटले, घराला दृष्ट लागू नये म्हणून.

आणि तेवढ्यात गौरवी आली. अंगात तो नेमबाजीचा जाड, ताठ कोट, लाकडी बाहुलीसारखी चालत, खांद्यावर बंदुकीची लांब पेटी. "आजी, निवड झाली!" अशी किंचाळत आत आली आणि साहेबांना बघून तशीच थिजली. माझ्या मनात आले, गेली पोरीची नोकरी.

साहेब म्हणाले, "आजये, देऊळ बरेच दूर दिसते."

मी म्हटले, "साहेब, देवळात मीच गेले होते. तिथूनच हे सगळे झाले." आणि पाकळीपासून सगळे सांगून टाकले. साहेबीणबाई आधी हसल्या, पोट धरून. तुम्हाला सुट्टी मागितली की जहाज आठवते, म्हणाल्या, मला माहेरी जायचे असले तरी जहाजच लागते! मग साहेबांना हसावेच लागले. त्यांनी बंदूक हातात मागितली, ठिपक्यावर नेम धरला, तर टोक ठिपक्यावरून जनेलाच्या काचेवर, काचेवरून माझ्यावर. गोळी नव्हती, तरी मी खाली बसले. "रात्रपाळी करून ही हे करते?" एवढेच म्हणाले, आणि मोठ्या स्पर्धेची सुट्टी तिथल्या तिथे कबूल केली. तोंडी नव्हे, गौरवीने फोनवर लिहून घेतली. ती काय माझी नात नव्हे?

तुझी,
सुशीला

ता. क. मुलगा बरा आहे. सगळा वेळ नुसता तिच्या फोनवर निशाण्यांचे ठिपके बघत राहिला. साहेबीणबाई उठताना म्हणाल्या, बोलणी करायला पुन्हा येतो.

ता. क. दुसरा. तू शनिवारीच राहायला ये, चहाबरोबर ठेवायला नेवऱ्या घेऊन ये आणि पाहुण्यांशी बोलायला तोंड मोकळे ठेव. कारण बोलणी करायला जो रविवार ठरला, तोच मोठ्या स्पर्धेचा. साहेबांनी सुट्टी दिली आणि तारीख विसरले. गौरवी घरी नसणार.

ता. क. तिसरा. अमोलही नसणार. जनेलातून ऐकले मी, तो तिची स्पर्धा बघायला जाणार आहे, मामाला न सांगता. मी एकटी किती शिरा ढवळू? साहेब आणि साहेबीणबाई नक्की येतो म्हणून सांगून गेले आहेत, येत्या रविवारी, चहाला.