मागचे दोन स्पीकर

डोंबिवली, रविवार संध्याकाळ, १९९९

दादा म्हणे, "साउंड कार्डच गेलंय. तू हात लावू नकोस, तुला काय कळतं?" का नाही लावायचा? कॉम्प्युटरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत डिजिटल वायर मीच ओढलेली. पुढचे स्पीकर वाजत होते, स्वयंपाकघराच्या दाराशी तांदळाच्या डब्यांवर ठेवलेले मागचे दोन मात्र मुके. तो खाली गेला तशी मी सेटिंग उघडली. यानेच 'दोन स्पीकर' निवडून ठेवलेलं! मी 'डिजिटल आउटपुट' केलं, म्हणजे मागच्या दोघांचा आवाजही माझ्या वायरीतून जाईल, आणि सिनेमा लावला. त्यातला कुत्रा थेट मागच्या स्पीकरमधून भुंकला, तर बाबा गर्रकन मागे वळून ओरडले, "हाड! दार कोणी उघडं टाकलं?" दादाने तेवढ्यात येऊन मागच्या स्पीकरला कान लावला.

उद्या आईला तांदूळ काढायचे असतील तर तिने मला सांगावं. मागचे दोन स्पीकर मी उचलीन. दादाने हात लावायचा नाही.