नागसेनच्या ओळीतली तारीख

प्रताप नगर, नागपूर
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय नागसेन,

जय भीम. मायावहिनी आणि पोरं मजेत असतील. मौद्याले थंडी आपल्यापेक्षा जास्त असते म्हणतात, कानाले बांधत जा. इकडं आम्ही सगळे ठीक. माझे केस गेले, बाकी आहे तसाच आहे.

फोन नाही केला. तू उचलत नाही, आणि हे फोनवर सांगायचं कामही नाही. पत्र फाडायच्या आधी एवढं वाच गा. आपल्या मंडळाचं रक्तदात्यांचं रजिस्टर आता कॉम्प्युटरवर चढलं. चारशे बारा नावं झाली. एकच ओळ सात-आठ दिवस अडून बसली होती, ती तुझी. त्या ओळीसाठीच हे पत्र आहे.

पण आधी काय केलं ते सांगू दे, तुले आवडेल. रजिस्टराचे कागद पिवळे पडून तुटून राहिले होते. मंडळाच्या पोट्ट्यांनी सगळं एका डेटाबेसमध्ये टाकलं, पण त्यात नंबर बदलायचा म्हटलं तरी मलेच बोलवायचे. मी ऑफिसात कॉम्प्युटर चालवतो म्हणून मी मोठा तज्ज्ञ! मग एक तयार प्रोग्राम सापडला. त्याले नुसतं सांगायचं की तक्ता कुठं आहे आणि त्यात रकाने कोणते. तो आपोआप एक साधं वेबपेज बनवून देते. नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्तदान, आणि प्रत्येक ओळीपुढं 'बदला' नावाचं बटण. कोणीही मोबाइलवर उघडावं, बदलावं, जतन करावं. चार रविवार गेले माझे, पण जमलं. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा खुर्चीवर उभा राहून नाचलो असतो, कंबर दुखत नसती तर.

आणि मग विश्वनाथभाऊ आले! सत्तरी झाली त्यांची, उत्साह तोच. त्यांनी पान उघडलं, पहिल्या ओळीचं 'बदला' दाबलं, आणि फॉर्म भरायचा आहे असं समजून तिथल्या माणसाचं नाव खोडून आपलं नाव, आपला पत्ता, आपला ओ पॉझिटिव्ह टाकून मोकळे. दुसऱ्या दिवशी खात्री वाटली नाही म्हणून खालच्या ओळीत परत. आठवड्यात मंडळाकडं आधीचा एक धरून पाच विश्वनाथ झाले आणि चार माणसं गायब. मी ओरडलो तर मलेच म्हणतात, "तू पानच असं काहून बनवलं बे?"

बरोबरच होतं त्यांचं. मग मी दोन गोष्टी जोडल्या. कोणी काय बदललं आणि आधी काय होतं, ते खाली सगळ्यांले दिसते. आणि बदलाचं कारण लिहायची एक चौकट केली. ती रिकामी ठेवली तर बदल जतनच होत नाही.

हे सगळं करता करता तुझंच अक्षर समोर होतं रे. चौऱ्याण्णव सालची ती पहिली पानं तू लिहिली. रक्तगट लाल शाईनं, नाव निळ्या. आपण दोघं तुझ्या लुनावर घरोघरी फिरलो होतो. लोक म्हणायचे, रक्त देऊन अशक्तपणा येते. तू दारात दंडाची बेडकी काढून दाखवायचा, आणि मी मागं उभा राहून हसू दाबायचो. चौदा एप्रिलच्या शिबिरात सकाळी सहापासून सतरंज्या टाकायच्या, मोसंबीचा रस काढायचा, आणि पहिली बाटली तुझी, हा तुझा हट्टच होता. तुझी मावशी बायजाबाई सगळ्यांसाठी ताजी कोथिंबीर भरून सांबारवड्या करून आणायची. बाईची वडी खायले मिळते म्हणून रक्त देणारे चार जण तरी मले माहीत आहेत. अशी मजा परत आली नाही. आता शिबिरात बिस्किटाचे पुडे वाटतात.

चिठ्ठीचा नियमही तुझाच होता. लोक जोशात येऊन दोन महिन्यांत परत द्यायले यायचे आणि तारीख खोटी सांगायचे. तू म्हणाला, माणसाच्या शब्दावर जायचं नाही, रजिस्टरावर जायचं. तीन महिने झाले असं रजिस्टर म्हणत असेल तरच मंडळाची चिठ्ठी, आणि चिठ्ठी असेल तरच पेशंटसाठी रक्त. गंमत अशी की हा नियम सगळ्यांत जास्त तूच मोडायचा. बी निगेटिव्ह वाले आपल्याकडं तीनच, त्यातला एक तू. कोणाचा फोन आला की तू निघाला, "माझे तीन महिने झाले ना!" दोनदा तुले दवाखान्यातून हाताले धरून परत आणलं मी.

आता तुझ्या ओळीवर येतो. टाळून टाळून किती टाळू?

रजिस्टरात तुझ्या नावापुढं शेवटची तारीख आहे १८ ऑक्टोबर २०११. आणि बाईले दवाखान्यात भरती केलं २७ नोव्हेंबरले. चाळीस दिवस. तू धावत आला. जिनं तुले आईच्या मागं वाढवलं ती मावशी आत होती, तिचाही बी निगेटिव्ह. तू बाही वर करूनच आला होता. ब्लड बँकेच्या माणसानं चिठ्ठी मागितली. त्या आठवड्यात रजिस्टर माझ्याकडं होतं. मी उघडलं आणि तारीख वाचली. तू म्हणाला, "मी अठरा तारखेले दिलंच नाही बे. जूनपासून दिलं नाही. सांग ना याले." तिथं मंडळाचे देवरावजी होते, विश्वनाथभाऊ होते, बाईचा पोरगा अंकित होता. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. नागसेन तारखेच्या बाबतीत खोटं बोलते, हे तिथल्या प्रत्येकाले माहीत होतं. मी म्हणालो, "रजिस्टरात आहे ते आहे."

मनीषनगरच्या बी निगेटिव्ह वाल्या वैदेही मॅडम रक्त द्यायले येईपर्यंत दोन तास गेले. तिसऱ्या दिवशी बाई गेली. डॉक्टर म्हणाले की त्या दोन तासांनी काही फरक पडला नसता. पण अंकितनं तुले सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या खोटेपणानं माझ्या आईले ताटकळत ठेवलं." तू महिनाभरात घर सोडून मौद्याले गेला.

नागसेन, ती तारीख मी टाकली होती.

जूनच्या शिबिरानंतर तू जिन्यावर चक्कर येऊन पडला, आठवते? कपाळाले तीन टाके. तरी ऑक्टोबरात एका पेशंटसाठी तू परत निघाला होता, दुसरा दाता मिळाला म्हणून राहिलं. तीन महिने झाले होते, नियमानं तुले अडवायले काही नव्हतं. पण तू डबल ड्युट्या करून काडीसारखा झाला होता, आणि तुले सांगून तू ऐकला असता काय? म्हणून मी गुपचूप तुझ्यापुढं तारीख लिहिली. म्हटलं, तीन महिने कोणी बोलावणार नाही, तेवढं अंग धरेल. चांगल्यासाठी केलं असं मले वाटत होतं, अजूनही वाटते. त्या दुपारी दवाखान्यात केलं त्याले मात्र काही नाव नाही.

मी घाबरलो. बस, एवढंच. रजिस्टरात रोशननं खोटं लिहिलं हे निघालं तर सतरा वर्षांचं रजिस्टर वाया गेलं, कोणी आपल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणार नाही, असा विचार केला. तेही पूर्ण खरं नाही. माझी लाज जाईल याचीच भीती होती. तू माझ्याकडं पाहून राहिला होता आणि मी रजिस्टराकडं पाहून राहिलो होतो.

तीन आठवड्यांपूर्वी तुझी ओळ उघडली. अठरा ऑक्टोबर खोडून जूनची तारीख टाकली. खाली चौकट आली, कारण लिहा. रिकामी सोडून पाहिली, पान हलत नाही. मीच बनवलेलं! 'टायपिंगची चूक' असं लिहिलं आणि पुसलं. असं सात-आठ दिवस चाललं. शेवटी लिहिलं, "ही तारीख खोटी होती. मी मुद्दाम टाकली होती. नागसेन खरं बोलत होता. रोशन." आणि जतन केलं. साठ कार्यकर्त्यांले ते दिसते.

परवाच्या बैठकीत विश्वनाथभाऊंनी मोबाइलवर वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.  देवरावजी आता ऐंशीचे आहेत, हळू बोलतात. त्यांनी विचारलं, "नागसेनले सांगतलं?" मी म्हणालो, नाही. "अंकितले?" नाही. "मग हे सांगतलं कोणाले तू?"

 त्या चौकटीत लिहून मले इतकं हलकं वाटलं होतं की काम झालं असंच मी समजून बसलो होतो. घरी येऊन हे पत्र लिहायले घेतलं.

तीस तारखेले रविवारी अंकितकडं बाईच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन आहे. वंदना झाली की सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगणार आहे. ज्यांनी तुले खोटं म्हटलेलं ऐकलं, ते बहुतेक सगळे तिथं असतील. अंकित मले घराबाहेर काढेल, काढू दे. तू ये असं मी म्हणत नाही, आणि माफ कर असंही म्हणत नाही. तू आला नाही तरी मी सांगणार आहे.

वहिनीले आणि पोरांले हे पत्र वाचून दाखव. त्यांनीही तुले कधी मनात खोटं मानलं असेल, तर ते माझ्यामुळं.

त्या दुपारी तू खरं बोलत होता, हे माहीत असलेला तिथला एकटा माणूस,
रोशन