बंद घरांतले बल्ब

४ फेब्रुवारी २०१९
पोचलो एकदाचा. शिरूर कासारहून जीप, पुढे दोन किलोमीटर चढ पायी, खांद्यावर हत्यारांची पिशवी. पण वर हवा मस्त आहे आणि नेकनूरला पंखे दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे काम शंभरपट बरं. विजेचे खांब पायथ्याशीच थांबलेत, म्हणून इथल्या दूध संस्थेने वस्तीसाठी सोलर बसवलं. ते सुरळीत चालवून द्यायचं, एवढंच काम. दुष्काळामुळे अठरा घरांतली माणसं माजलगावकडे ऊसतोडीला गेलीत. मागे राहिलीत पाच म्हातारी माणसं आणि चार म्हशी. म्हाताऱ्यांतल्या सारजाबाईंनी आल्याआल्या बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. राहायला संस्थेची खोली, तिला पूर्वेची मोठी खिडकी. झकास.

५ फेब्रुवारी
बोर्ड उघडला आणि डोकंच फिरलं. संस्थेचे चेअरमन आप्पाराव, त्यांनी म्हणे सामान स्वतः निवडलंय. ब्रेकर घरगुती एसी लाइनचे. सोलरच्या डीसी लाइनवर ते बंद होताना आतली ठिणगी विझत नाही. दोन तर जळून चिकटलेत. बॅटऱ्या ट्रॅक्टरच्या! ट्रॅक्टरची बॅटरी एकदा जोरात स्टार्टर फिरवायला असते, दिवसरात्र थोडं थोडं देत राहायला नाही. ढगाळ दिवसांसाठी जनरेटर आहे, पण त्याला लावलेला चार्जर मोटारसायकलच्या बॅटरीचा. फोन केला तर आप्पाराव म्हणाले, लई हुशारी करू नका, आजवर चाललंच की. कपाळ माझं.
वर आणखी एक वैताग. अठराही बंद घरांत बल्ब चोवीस तास चालू. बाहेरून कुलूप, आत बल्ब. सारजाबाईंना कारण विचारलं तर म्हणाल्या, “घर रिकामं हाय आसं त्याला कळू नई. बल्ब तेवढा बंद करू नका, मिस्त्री.” त्याला म्हणजे कुणाला, असं विचारलं तर म्हशींना पाणी दाखवायला उठून गेल्या.

७ फेब्रुवारी
दोन दिवस नुसतं मळभ. पाऊस नाहीच, ऊनही नाही. बॅटऱ्या तळाला गेल्या. दुपारी चार घरांचे बल्ब बोर्डावरून बंद केले. सारजाबाईंच्या मुलाचं, बंकटचं घर त्यातच आलं. भर दिवसा बल्ब कशाला हवेत? सांगितलं मात्र कुणाला नाही.

८ फेब्रुवारी
वीज किती वाहते ते बघायला बंकटच्या लाइनवर क्लॅम्प मीटर लावला. ब्रेकर बंद, तरी तीन अँपिअर. पाच वॉटच्या बल्बला तीन अँपिअर? ब्रेकर चिकटला असणार म्हणून वायर सोडवून मोकळी केली. तिचं टोक माझ्या हातात, हवेत. मीटर लावला.
तीन.
मीटर खराब असेल. इथलं सगळंच खराब आहे.

९ फेब्रुवारी
सारजाबाईंना कळलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पायरीवर बसून रडल्या. म्हणाल्या, मागच्या साली वस्तीतल्या म्हाळूच्या घरातला बल्ब उडाला, कुणाच्या ध्यानात आलं नाही. चैत्रात म्हाळू परतला, कुलूप काढून आत गेला, आणि आतून कडी लागली. दार फोडलं तेव्हा चूल पेटलेली, तव्यावर गरम भाकरी. म्हाळू नाही. आजतागायत नाही.
बंकटची बायको गीताबाई नऊ महिन्यांची आहे. बाळंतपणाला परवा येतेय. त्याच घरात. माणूस आत जायच्या आधी बल्ब लागला तर ते निघून जातं, असं सारजाबाई म्हणतात. जातं कुठं, विचारलं. “दुसरं रिकामं घर बघतंय, बाबा.”
विश्वास नाही माझा. पण बल्ब मीच बंद केला.

१० फेब्रुवारी
तीन घरांचे बल्ब लागले. बंकटचा लागेना. जोडलेली वायर लगेच वितळली. जनरेटर लावला, चार्जरमधून धूर. आप्पाराव फोन उचलत नाहीत. निवडून निवडून कचरा आणला या माणसाने, आणि निस्तरतोय मी!
दुपारी त्या घराजवळ गेलो. कुलूप जसंच्या तसं.
आत कुणीतरी भाकरी थापत होतं.

११ फेब्रुवारी, सकाळ
गीताबाईची जीप निघाली म्हणे. सगळ्या वस्तीत भरवशाची लाइन एकच — माझ्या खोलीची. माझी जाड वायर, माझा डीसी ब्रेकर. ती उपटून बंकटच्या घराला लावतोय. बॅटरीत शेवटचं जे काय आहे ते —

दुपार
लागला! फटीतून उजेड दिसला आणि थापणं थांबलं. मीटरवर शून्य पूर्णांक दोन, हवं तेवढंच. गीताबाई दम खात चढ चढून आली, सारजाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघी आत गेल्या. तासभर तिथंच बसलो. आतून हसण्याचे आवाज आले. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मग खोलीवर आलो. खिडकीवरचं ऊन सरलेलं, म्हणून उजेडासाठी दार सताड उघडं ठेवून लिहायला बसलो.

भाकरीचा वास येतोय. खोलीत चूल नाही.

सकाळपासून ही खोली — बल्ब नाही, मी नाही —

दार लागलंय. मी उठलेलो नाही. कडी आतून —

माझ्या मागे थाप